कॅडमियम टेल्युराइडचे कण वाढले नाहीत, तरीही क्लोराइड-प्रक्रियेनंतर सोलर सेल सुधारला, हे कसे?

अभ्रक यांचा प्रश्न

मी काचेवरील कॅडमियम सल्फाइडच्या थरावर कॅडमियम टेल्युराइडची सुमारे ४ मायक्रॉन जाडीची फिल्म क्लोज-स्पेस सब्लिमेशनने (तापवलेल्या पदार्थाची वाफ जवळच्या काचेवर जमवण्याच्या पद्धतीने) बसवतो. तिच्यावर कॅडमियम क्लोराइडचे मिथेनॉलमधील द्रावण थेंबाथेंबाने सोडतो आणि वाळल्यावर काच ४०० अंश सेल्सिअसला २० मिनिटे हवेत तापवतो. या प्रक्रियेने कण वाढतात व कणसीमा कमी होतात, असे वाचले होते. माझ्या फिल्ममधील कण मात्र आधीच एक-दोन मायक्रॉनचे होते, नंतरही तेवढेच राहिले, तरी प्रवाह दुपटीहून अधिक झाला. मग क्लोरीन नेमके करते काय? शिवाय व्होल्टेज ०.८ च्या पुढे सरकत नाही, आणि एखाद्या काचेवर फिल्म पापुद्र्यासारखी सुटते.

कणसीमा यांचे उत्तर

तुम्ही वाचलेले स्पष्टीकरण कमी तापमानाला बसवलेल्या, बारीक कणांच्या फिल्मना लागू पडते. तुमच्या पद्धतीत काच बरीच तापलेली असल्याने कण आधीच मोठे झालेले असतात. तेथे क्लोरीनचे मुख्य काम कणसीमांवर चालते.

दोन कण जेथे भिडतात तेथे अणूंचे बंध अर्धवट राहतात. प्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन तेथे अडकतो आणि होलशी (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या, धन प्रभारासारख्या वागणाऱ्या जागेशी) मिळून नाहीसा होतो, यालाच पुनर्मीलन म्हणतात; म्हणजे सेलबाहेर पडण्याआधीच कमाई बुडते. क्लोरीन नेमके याच सीमांवर साठते आणि काही टेल्युरियम अणूंची जागा घेते. त्याच्या बाहेरच्या कक्षेत टेल्युरियमपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त असल्यामुळे सीमेलगतचा चिंचोळा पट्टा कणाच्या आतील भागापेक्षा कमी पी-प्रकारचा (होल बहुसंख्य असलेला), क्वचित चक्क एन-प्रकारचा (इलेक्ट्रॉन बहुसंख्य असलेला) होतो. या फरकातून उभे राहणारे स्थानिक विद्युतक्षेत्र होलना सीमेपासून दूर ठेवते आणि इलेक्ट्रॉनना सीमेच्या वाटेने कॅडमियम सल्फाइडशी असलेल्या जोडाकडे नेते. इलेक्ट्रॉन-शलाकेने प्रवाहाचा नकाशा काढला, तर प्रक्रिया केलेल्या फिल्ममध्ये कणसीमा कणांच्या पोटापेक्षा उजळ दिसतात. ज्या जागेला आपण दोष म्हणतो तीच प्रवाह गोळा करू लागते, हे मला या पदार्थातील सर्वांत गमतीचे वाटते.

शलाका यांचे उत्तर

व्होल्टेजविषयी एक हिशेब मांडतो. या पदार्थाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे १.४८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे आणि त्यावरून शॉकली व क्वाइसर यांच्या १९६१ च्या सैद्धांतिक कमाल मर्यादेनुसार साधारण १.२ व्होल्ट मिळायला हवेत. सामान्य तापमानाला प्रकाश देणाऱ्या पुनर्मीलनाचे प्रमाण दहापट घटले की सुमारे ६० मिलिव्होल्ट जातात. तुमची तूट ४०० मिलिव्होल्टची, म्हणजे त्या प्रमाणाची सहा-सात वेळा दहापटीने झालेली घसरण. उरलेली सगळी पुनर्मीलने उष्णतेत विरतात.

दोष केवळ कणसीमांचा नाही. तांब्याने डोपिंग केल्यास (म्हणजे ते अल्प प्रमाणात मिसळल्यास) होलची घनता बहुधा प्रति घन सेंटीमीटर १०¹⁴ च्या आसपास अडकते, तर आर्सेनिकसारख्या पाचव्या गटातील मूलद्रव्याने ती १०¹⁶ पर्यंत नेता येते. फॉस्फरसने डोपिंग केलेल्या एकस्फटिक कॅडमियम टेल्युराइडवर २०१६ मध्ये १ व्होल्टची पातळी ओलांडली गेली, तेव्हा पदार्थात दम आहे. तुम्हाला सोपा प्रयोग करायचा असेल, तर प्रकाश येणाऱ्या बाजूला थोडे सेलेनियम मिसळा. बँड गॅप किंचित घटतो, पण वाहकांचे आयुष्य वाढल्याने तो तोटा बराचसा भरून निघतो.

निर्वात यांचे उत्तर

फिल्म सुटणे हे बहुधा अतिप्रक्रियेचे लक्षण आहे. क्लोरीन जास्त झाले की ते कॅडमियम सल्फाइडच्या जोडापाशी साचते, तेथे पोकळ्या पडतात आणि पकड सुटते. सुटलेला भाग नेहमी काचेच्या एकाच जागी असतो का, ते पाहा. थेंबाने सोडलेले द्रावण सगळीकडे सारखे वाळत नाही. तापवल्यानंतर उरलेले क्लोराइड पाण्याने धुता का, तेही सांगा. ते विद्राव्य आणि विषारी असल्याने धुतलेले पाणी सिंकमध्ये सोडू नका. वेगळ्या बाटलीत साठवा.

अभ्रक

जुन्या काचा काढून पाहिल्या. सुटलेले पाचही तुकडे खालच्या उजव्या कोपऱ्यातील आहेत, आणि मी काच वाळवताना त्याच कोपऱ्यावर टेकवून तिरकी उभी करतो. उद्या ती आडवी ठेवून वाळवतो.