धडधाकट मुलाला उंचीची इंजेक्शनं द्यावीत का?

रानजाई
मुलगा अकरा वर्षांचा. प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढे उभा राहतो, एवढंच. सगळ्या तपासण्या झाल्या. थायरॉइड ठीक, ग्रोथ हार्मोन पुरेसं, मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वयही बरोबर. मी चार फूट दहा, नवरा पाच तीन. पोर आमच्यावर गेलंय. डॉक्टरांच्या अंदाजाने पाच तीनच्या आसपास थांबेल.

तरी घरात हार्मोनच्या इंजेक्शनांचा विषय निघालाय. सासरे आणि नवरा म्हणतात, ऐपत आहे तर का नको? मी म्हणते, नको. रोज रात्री एक सुई, चार-पाच वर्षं. दीड हजाराच्या आसपास टोचण्या! आणि कमतरता नसलेल्या मुलांना त्यातून मिळतात सरासरी चार ते सात सेंटिमीटर, काहींना तेवढेही नाहीत. पण मला सेंटिमीटरपेक्षा वेगळंच खुपतंय. आज तो स्वतःला धडधाकट समजतो. पहिली सुई टोचली की त्याला वाटणार, आपल्यात खोट आहे आणि आईबाबा ती दुरुस्त करताहेत.

डोंगरवाट
ताई, खोट आहे हे त्याला सुई सांगणार नाही, लोक आधीच सांगत असतील. माझी उंची १६३ सेंटिमीटर. पोलीस भरतीत पुरुषांना १६५ लागते. दोन वर्षं पहाटे चारला उठून धावलो आणि मोजपट्टीखालूनच परत आलो, मैदानापर्यंत पोचलोच नाही. नंतर लग्नाची स्थळं बघताना तीच मोजपट्टी. तुमच्या मुलाचा अंदाज १६० चा. पाच सेंटिमीटर तुम्हाला थोडे वाटतात, मला त्यात एक अख्खी नोकरी दिसते. दात पुढे आले तर आपण पोरांना तारा लावतोच ना? तिथे कोणी नीतीचा प्रश्न काढत नाही.

निशिगंध
तारांशी तुलना पटली नाही. या औषधाचा इतिहास बघा. १९८५ पर्यंत हे हार्मोन मृतांच्या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथींतून काढायचे. मिळायचं थोडं, म्हणून खरी कमतरता असलेल्या मुलांनाच द्यायचे. त्यातल्या काहींना पुढे क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाला आणि अमेरिकेत ते बंद केलं. त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनवलेलं हार्मोन आलं, तुटवडा संपला. २००३ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, कसलाही आजार नसलेल्या, पण सगळ्यात बुटक्या १.२ टक्के मुलांसाठीही परवानगी दिली. म्हणजे आधी औषध मुबलक झालं, मग रुग्ण वाढले. आणि या १.२ टक्क्यांना ताणून उंच केलं, तरी त्यांच्या जागी दुसरे १.२ टक्के येणारच. रांगेत कोणीतरी पहिलं उभं राहतंच.

कोल्हापूरकर
मेस्सीने घेतलंच होतं की!

निशिगंध
मेस्सीला कमतरता होती. तो उपचार होता.

सायली_आई
'तो उपचार होता' इथेच मला बोलायचंय. माझी मुलगी तीन वर्षं हे इंजेक्शन घेतेय. शरीर किती हार्मोन सोडतं ते बघायला आधी क्लोनिडिनची गोळी देऊन दर अर्ध्या तासाने रक्त काढलं. कमतरता म्हणायला हार्मोनचा आकडा कुठे १० च्या खाली लागतो, कुठे ७ च्या. तिचा खाली आला म्हणून ती 'रुग्ण' ठरली. थोडा वर आला असता तर याच उंचीच्या याच मुलीला तुम्ही 'हौस' म्हणाला असता. शाळेत चिडवणारे रिपोर्ट बघून चिडवत नाहीत.

आणि रानजाई, टोचण्याची तेवढी धास्ती घेऊ नका. इंजेक्शनचं पेन फ्रीजमध्ये असतं, गावाला जाताना बर्फाच्या डब्यात. एक दिवस मांडी, एक दिवस पोट. पहिला महिना ती रडली, आता स्वतःच टोचते. खर्च मात्र वर्षाला लाखांत जातो, साखर आणि थायरॉइड तपासत राहावं लागतं, आणि लंगडायला लागली तर लगेच खुब्याचा एक्स-रे काढायला सांगितलंय. धडधाकट मुलासाठी हे सगळं करायचं का, हा प्रश्न खराच आहे. पण 'आजार असेल तरच' हे उत्तर मला अपुरं वाटतं.

रानजाई
सायलीची आई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. ती रेघ मी समजत होते तेवढी पक्की नाही, हे मान्य. पण म्हणून माझा 'नको' हलत नाही. तुमच्या मुलीच्या शरीरात जे कमी होतं ते तुम्ही दिलंत. माझ्या मुलाच्या शरीरात काहीच कमी नाही, कमी आहे ते भरतीच्या नियमात आणि स्थळं बघणाऱ्यांच्या डोक्यात. डोंगरवाट, तुमच्यावर अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं. पण तो १६५ चा आकडा माणसांनी लिहिलाय. तो बदलायचा सोडून मी पोराच्या मांडीत सुई का घालू? आणि ज्याची ऐपत नाही त्याचं पोर मग अजूनच मागे पडणार.

डोंगरवाट
तो नियम बदलेपर्यंत तुमचा मुलगा तिशीला येईल. हाडांच्या टोकाच्या वाढीच्या पट्ट्या एकदा जुळल्या की हे औषध उंचीसाठी निरुपयोगी. अठराव्या वर्षी तो 'मला हवं होतं' म्हणाला तर काय सांगाल? 'नको' हासुद्धा त्याच्या वतीने तुम्हीच घेतलेला निर्णय आहे. अकरा वर्षांच्या मुलाला बऱ्यापैकी कळतं. त्याला विचारलंत का?

रानजाई
नाही विचारलं. विचारायलाच हवं होतं. रविवारी सायलीच्या आईने लिहिलंय ते सगळं, पेन, फ्रीज, खुबा, त्याला नीट सांगते आणि विचारते. सासऱ्यांना त्या वेळी खोलीत थांबू नका, असं आजच सांगितलंय.