मदत हवी आहे: मुधोळ कुत्रीच्या नाकातून रक्त, गोचीड ताप की उंदराचं औषध?

निपाणीजवळून लिहितोय. चार वर्षांची मुधोळ कुत्री. परवापासून डाव्या नाकपुडीतून रक्त येतंय. थांबतं, शिंकली की परत सुरू. ओठ उलटून बघितला तर हिरड्यांवर टाचणी टोचल्यासारखे लाल ठिपके, पोटाखालीही तसेच. शी काळी आणि चिकट. मानेला इंजेक्शन दिलं तिथं गाठ आलीय, दाबली की मऊ लागते.

घोळ असा की कानात गोचीड ढिगानं निघाल्या. आणि त्याच सुमारास भावकीतल्यांनी तंबाखूच्या गोदामात ब्रोमाडायोलोनच्या (उंदराच्या विषाच्या) वड्या टाकल्या होत्या. कुत्री रात्री तिथंच फिरते. वडी खाताना कुणी पाहिलं नाही, पण पाहणार तरी कोण?

इथल्या डॉक्टरांनी गोचीड ताप धरून डॉक्सीसायक्लिन चालू केलंय. माणसांच्या लॅबमध्ये रक्त दिलं: प्लेटलेट ३८ हजार, पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ३० टक्के. दुसरे एक डॉक्टर फोनवर म्हणाले, विष असेल तर डॉक्सीनं काही होत नाही, व्हिटॅमिन के लागेल. मेडिकलवाला के-३ काढून देतोय, म्हणतो सगळं एकच. काय करू? शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायची तयारी आहे, पण एवढा प्रवास तिला झेपेल का?

माळावरचा
दादा, आमच्या खानापूर भागात गोचीड तापानं अशी कुत्री दर पावसाळ्यात जातात. नाकातनं रक्त आलं की गोचीडच समजायची. डॉक्टर काय म्हणायलेत तेच करा. आणि ताप आहे म्हणून घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम काही देऊ नका.

गोठा_आणि_गोळी (पशुवैद्यक)
समोर न बघता निदान करणार नाही, पण दोन्हीत फरक करता येतो. प्लेटलेट कमी असल्या की बारीक ठिपके, नाक-हिरड्यांतून रक्त असं दिसतं. उंदराच्या औषधात यकृतात तयार होणारे गोठण-घटक संपतात. मग मोठ्या गाठी, छातीत किंवा सांध्यात रक्त, अचानक धाप. ते खाल्ल्यावर साधारण ३ ते ५ दिवसांनी सुरू होतं, म्हणून पहिल्या दिवशी कुत्रं ठणठणीत दिसतं. तुमच्या कुत्रीचे ठिपके प्लेटलेटकडे बोट दाखवतात, मानेची गाठ मात्र दोन्हीकडे जाऊ शकते. तेव्हा अंदाजावर बसू नका, पीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ती तपासणी) करून घ्या. विषात सगळ्यात आधी तीच लांबते.

माणसांच्या लॅबमध्ये होते, पण एक मेख आहे. कुत्र्याची पीटी मुळातच माणसापेक्षा कमी, १० सेकंदांच्या आतबाहेर. माणसाच्या तक्त्यावर लांबलेली पीटीसुद्धा 'नॉर्मल' छापून येईल. म्हणून एखाद्या धडधाकट कुत्र्याचं रक्त त्याच वेळी द्या आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. निळ्या झाकणाची सायट्रेटची नळी, खुणेपर्यंत भरलेली. रक्त पुढच्या पायाच्या शिरेतून घ्यायला सांगा, मानेच्या मोठ्या शिरेतून नको, आणि सुई काढल्यावर ती जागा बराच वेळ दाबून धरा. स्नायूतली इंजेक्शनं सध्या पूर्ण बंद.

के-३ घेऊ नका. या विषावर ते चालत नाही, के-१च लागतं, तेही तोंडावाटे तुपातल्या घासाबरोबर. ब्रोमाडायोलोन शरीरात रेंगाळतं, म्हणून ३-४ आठवडे द्यावं लागतं. प्लेटलेटचा आकडा स्मिअरवर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली) तपासून घ्या, यंत्र गुठळी मोजत नाही. ग्रेहाउंडसारख्या शिकारी जातींत (मुधोळ त्यातलीच) प्लेटलेट थोड्या कमी असतात, पण ३८ हजार इतक्या नाही. पीसीव्ही मात्र त्यांचा जास्त असतो, ५० च्या वर. म्हणून ३० हा आकडा दिसतो तेवढा बरा नाही. रोज बघा. निकाल येईपर्यंत डॉक्सी सोडू नका, आणि विषाची शंका आहे तोवर तुमच्या डॉक्टरांना विचारून के-१ सुरू केलं तरी बिघडत नाही.

धागाकर्ता
धन्यवाद डॉक्टर. के-१ चिकोडीत मिळालं. शेजारचा काळू सोबत नेला, लॅबवाला आधी हसला, मग दोन्ही नळ्या लावल्या. आमची ८ सेकंद, काळू साडेसात. रिपोर्टवर दोन्हींपुढं 'कमी' असा शिक्का पडलाय, आणि लॅबवाला म्हणतो मशीन बिघडलं असेल! स्मिअरवरही प्लेटलेट कमीच आहेत. आज नाकातून रक्त नाही, दूधभाकरी खाल्ली. आता के-१ थांबवायचं का?

गोठा_आणि_गोळी
के-१ सुरू करण्याआधी रक्त घेतलं होतं ना? मग विष जवळपास बाद. तुमच्या डॉक्टरांना आकडे दाखवून के-१ थांबवा. डॉक्सी २८ दिवस, आठवड्यात बरी दिसली तरी मध्येच सोडू नका. पुढच्या आठवड्यात प्लेटलेट परत करा. गोचीड कुत्रीवरच्याच नाही, गोठ्याच्या भेगांतल्याही मारा. आणि वड्या उघड्यावर नकोत, मांजरं-कोंबड्याही आहेतच.