गुणांच्या आधी पदवीचं नाव आणि सभासदत्व तपासा
‘गुण चांगले असले की एचआरची (मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या शिक्षणाची) शिष्यवृत्ती मिळतेच’ असं म्हणतात, ते अर्धंच पटतं. गुण चाळणीपुरते. व्यावसायिक संघटनांच्या शिष्यवृत्तीत अडतं ते सभासदत्वावर. एसएचआरएमसारख्या (मनुष्यबळ क्षेत्रातल्या व्यावसायिकांची अमेरिकी संघटना) संघटना विद्यार्थ्यांना कमी शुल्कात सभासद करून घेतात, पण सभासदत्व बहुधा अर्जाच्या दिवशी चालू असावं लागतं आणि काही ठिकाणी निकालापर्यंतही. मुदतीच्या आदल्या रात्री पैसे भरले, तर सभासद क्रमांक हाती येईतो अर्ज बंद झालेला असू शकतो; सभासदत्व महिनाभर आधी घ्या. आणखी एक, शिष्यवृत्ती पदवीच्या शुल्कासाठी आहे की प्रमाणपत्र परीक्षेसाठी, हे नीट वाचा. नावं फसवी असतात.

सहसा कुणी न काढणारा मुद्दा पदवीच्या नावाचा. गुणपत्रकावर नुसतं ‘व्यवसाय प्रशासन’ असेल आणि मनुष्यबळ हे विशेषीकरण कुठेच छापलेलं नसेल, तर छाननी करणारा ते गृहीत धरत नाही. विभागाकडून विशेषीकरणाचं पत्र घ्या, त्यात वेतनरचना, कामगार कायदा, निवडप्रक्रिया असे विषय श्रेयांकांसह लिहून घ्या. निबंधात ‘मला माणसं आवडतात’ हे वाक्य तर नकोच (ते सगळेच लिहितात). त्याऐवजी एखादं केलेलं काम मोजून सांगा: किती जणांची मुलाखत-वेळापत्रकं लावली, उमेदवारांची गळती कुठे झाली, काय बदललं. आणि मिळालेली रक्कम विद्यापीठाला कळवण्यापूर्वी विचारा, तिच्यामुळे त्यांची स्वतःची मदत कापली जाणार का. बरीच विद्यापीठं कापतात.