ठासणीची बंदूक: रॉकेलने पुसूनही नळीत गंज का धरतो?

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. पीक संरक्षण परवान्यावरची जुनी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायची बंदूक आहे. टोपीवर (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी कॅप) चालणारी, नळी आतून साधी, आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) नाहीत. प्रत्येक बारानंतर रॉकेलच्या फडक्याने पुसतो आणि वरून मशीनचं तेल देतो. निवडणुकीत ठाण्यात जमा होती. अडीच महिन्यांनी परत आली तर फडकं लालभडक निघालं आणि निपल (ज्यावर टोपी बसते तो भोकाचा छोटा पेच) जागचं हलेना. तेल कमी पडलं का? खोबरेल दिलं तर चालेल?

सातपुडा_पायथा
भो, तेल कमी पडलं नाही, पाणी कमी पडलं.

बंदुकीच्या काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ भाग कोळसा, १० भाग गंधक असतो. जळल्यावर निम्म्याहून जास्त वजनाचे घन क्षार बनतात. काही धुराबरोबर उडतात, बाकीचे नळीला चिकटतात. ते हवेतला ओलावा ओढतात. हे क्षार पाण्यात विरघळतात, रॉकेलमध्ये नाही. रॉकेलने वरची काजळी निघते, फडकं स्वच्छ दिसतं आणि क्षार जागेवरच राहतो. त्यावर तेल दिलं की डांबरासारखा थर बसतो आणि खाली गंज चालू. गव्हावर तांबेरा पडल्यावर पानं पुसण्यातलाच हा प्रकार.

धुण्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. टोपी नाही ना ते बघा. नळीचं तोंड स्वतःपासून दूर धरून ठासायचा गज तळापर्यंत सोडा, तोंडापाशी पेन्सिलची खूण करा. मग गज बाहेर काढून नळीला लावून धरा. गजाचं टोक निपलच्या बुडापर्यंत पोहोचलं पाहिजे. चार-पाच बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार, म्हणजे भरलेली दारू आणि गोळी-छर्रे आहेत असं समजा. गजाने ठोकू नका, खरवडू नका, परवानाधारक कारागिराकडे जा.

रिकामी असेल तर:

निपल चावीने काढा. अडकलं असेल तर बुडाशी भेदक तेलाचे चार थेंब टाकून रात्रभर ठेवा. पक्कड लावली की चौकोनी कडा गोल होतात आणि पुढे चावीही लागत नाही.

नळी पाचरीवर बसलेली असेल तर पाचर काढून दस्त्यापासून वेगळी करा. दोन लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक चमचा पुरे. नळीचं बूड बादलीत बुडवा, गजाला घट्ट सुती चिंधी लावून वर-खाली करा. निपलच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर फेकलं जातं, हातपंपासारखं. सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका, तो गंधकाचा. पाणी काळं यायचं थांबेपर्यंत दोन-तीनदा बदला, शेवटी साध्या पाण्याने खळखळून घ्या. उकळतं पाणी नको. पातळ लाल गंज लगेच धरतो.

मग कोरड्या चिंध्या, अगदी कोरडी निघेपर्यंत. नळी दहा मिनिटं उन्हात ठेवून आणखी एक चिंधी फिरवा. तेल त्यानंतरच.

तापीकाठ
वरचं बरोबर. पण आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या बंदुकांची नळी खिळ्यांनी दस्त्यात बसवलेली असते. ती उपसायला जाऊ नका, लाकूड चिरतं. निपल काढून त्या भोकात लाकडी खुंटी बसवा, कडेला मेणाचा हात द्या म्हणजे लाकडात पाणी झिरपणार नाही. अर्धा कप पाणी ओता, तोंडाला बूच लावून हलवा आणि तोंडाकडूनच ओतून टाका. पाच-सहा वेळा. नळीचं बूड बंद करणारा मागचा पेच मात्र घरी कधीच उघडू नका. ते कारागिराचं काम.

बोअरचं खारं पाणी शेवटच्या धुण्याला नको. क्षार काढायचे आणि दुसरे भरायचे, उपयोग काय? फिल्टरचं किंवा पावसाचं घ्या.

खोबरेलचं म्हणाल तर नको. २४ अंशांच्या आसपास ते थिजतं, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत निपलच्या भोकात गोळा. जवसाचं तेल दस्त्याला उत्तम, दोन-चार थेंब तळहाताने चोळायचे. नळीत मात्र ते वाळून चिकट साल धरतं. नळीला पातळ गंजरोधक तेल, तेही फडक्याने पुसल्याइतकंच. ओतायचं नाही.

जुनी_नळी
निपलबद्दल थोडं. भोक बारीक तांब्याच्या तारेने साफ करा, सुई किंवा ड्रिल घालून मोठं करू नका. मोठ्या भोकातून मागे दाब येतो, घोडा उचलला जातो आणि टोपीचे तुकडे डोळ्यांकडे उडतात. परत बसवताना निपलच्या पेचाच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा, पुढच्या वेळी हाताने सुटेल.

ठेवताना नळीचं तोंड खाली. तोंड वर ठेवलं की तेल तळाशी उतरतं, निपलमध्ये साचतं आणि दस्त्याचं लाकूड मऊ करतं. मग टोपी वाजते पण दारू पेटत नाही. म्हणून बार भरण्याआधी कोरडी चिंधी फिरवा, आणि सुरक्षित दिशेला नुसत्या दोन टोप्या वाजवून वाट मोकळी करा. चामड्याच्या म्यानात ठेवणं बंद करा, ओल धरतं.

कोणाकडे आटे असलेली नळी असेल तर गजाची मूठ फिरणारी हवी. चिंधी आट्यांबरोबर वळली तरच खाचा साफ होतात, नाहीतर नुसत्या उंचवट्यांवरून घसरते.

केळीबाग_रावेर
खूप आभार. जो गंज आधीच धरलाय त्याचं काय? काचकागद चालेल?

सातपुडा_पायथा
काचकागद नको, नळी झिजते. पितळी ब्रशला सर्वात बारीक, चार शून्य (००००) नंबरचं स्टील वूल गुंडाळून तेलात भिजवा आणि हलक्या हाताने फिरवा. त्याने वरचा गंज जातो, खड्डे राहतात. निपल काढून, दोऱ्याला बांधलेला बारका एलईडी दिवा तळापर्यंत सोडून बघा. बुडाशी खोल खड्डे दिसले तर तपासून घेतल्याशिवाय बार भरू नका. एक तर तिथेच दाब सर्वात जास्त असतो, शिवाय खड्ड्यात जळती काजळी अडकून राहू शकते, आणि पुढची दारू ओतताना ती पेटली तर हात जातो.

धुतल्यावर दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पांढरी चिंधी फिरवा. तपकिरी निघाली तर नुसतं तेल देऊ नका, पुन्हा पाण्याने धुवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा. आणि ठाण्यात जमा करायच्या आदल्या दिवशी हे सगळं एकदा करून घ्या, तिथे कोणी नळी पुसत बसणार नाही.