मदत हवी आहे: एमबीएच्या निबंधात प्रसंग किती, विचार किती?

मंडळी, स्टॅनफर्डच्या एमबीए प्रवेशअर्जातल्या निबंधाच्या प्रश्नावर गाडी अडली आहे: तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय आणि का? 'काय' दोन ओळींत संपतं, 'का' काही केल्या कागदावर उतरत नाही. मसुद्यात गोदामातला प्रसंग आहे. माल चुकीच्या ट्रकमध्ये चढतोय हे एका हमालाच्या लक्षात आलं, त्याचं ऐकून मी ट्रक थांबवला. वाचणारे विचारतात, यात तू कुठे आहेस? बरं, 'नेतृत्वगुण' वगैरे घातलं की रेझ्युमेच पुन्हा वाचतोय असं वाटतं. (तो तर ते वेगळा मागतातच!)

हार्वर्डने २०२४ मध्ये एका निबंधाऐवजी तीन छोटे केले, त्यातला नेतृत्वाचा जेमतेम २५० शब्दांचा. तिथे हाच प्रसंग कापून बसवू की दुसरा शोधू? असे निबंध लिहिलेल्या किंवा तपासलेल्यांनी कृपया सांगा. एआयकडून लिहून घे, हा सल्ला मात्र नको.