नांगर म्हटलं की मला शेतच दिसायचं

ताई, तुम्ही विचारलंत, देवाच्या वचनांची खात्री म्हणजे मागितलेलं मिळणारच असा हट्ट का? मला नाही तसं वाटत. बायबलमधल्या अब्राहामाने देवाच्या संततीच्या वचनावर घर सोडलं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता, वचनातला मुलगा इसहाक झाला तेव्हा १००. मधली २५ वर्षं नुसत्या हट्टावर निघत नसतात. (मध्ये बायकोच्या दासीपासून, हागारेपासून, मूल होऊ देण्याचा शॉर्टकटही मारून पाहिला त्याने, पण ते आपण उपदेशात पटकन ओलांडतो!)

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या ६व्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. आम्ही नागपूरचे, समुद्र लांबच. लहानपणी मला तिथे काटोलकडच्या मामाचा, बैलांचा नांगरच दिसायचा. तो जहाजाचा, हे फार उशिरा कळलं. तो टाकला म्हणून वादळ थांबत नाही. जहाज हेलकावे खातंच, फक्त वाहून जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई दवाखान्यात होती. उशाशी कव्हर निघालेलं बायबल, खूण म्हणून त्यात चष्म्याची तुटकी काडी. रिपोर्ट वाईट आला त्या संध्याकाळी तिने मला २३वं स्तोत्र वाचायला लावलं. मृत्युच्छायेच्या दरीपाशी मी अडखळलो. तीच म्हणाली, "अरे, पुढे 'तू माझ्याबरोबर आहेस' आहे ना, वाच." बरी होईनच, असं ती एकदाही म्हणाली नाही. वाचून झाल्यावर तिने मला कूलरमध्ये पाणी टाकायला पाठवलं.