निळू फुले: टोपीखाली हरवलेला नट?

माणदेशी
परवा एका लग्नात कुणीतरी घोगरा आवाज काढून ‘बाई, वाड्यावर या’ म्हणालं आणि अख्खा मांडव हसला. मला मात्र फार लागलं ते. निळूभाऊ १३ जुलै २००९ ला गेले. आज विशीतल्या पोरांना त्यांची ओळख उरली आहे ती या एका नकलेपुरती.

माझं म्हणणं सरळ आहे: मराठी सिनेमाने या नटाचं मातेरं केलं. १९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तला झेलेअण्णा गाजला आणि निर्मात्यांना साचा सापडला. धोतर, टोपी, तिरकी नजर, परक्या बाईवर डोळा. पुढची कितीतरी वर्षं तेच. आणि रंगभूमीवर? १९७२ साली हाच माणूस ‘सखाराम बाइंडर’ करत होता. त्या नाटकावर सेन्सॉरने बंदी घातली, कोर्टात भांडून ते सोडवावं लागलं. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’ नाटकामध्ये पोरगा मुख्यमंत्री झालेला तत्त्वनिष्ठ म्हातारा स्वातंत्र्यसैनिकही यांनीच उभा केला. एवढा आवाका असलेल्या नटाला पडद्याने काय दिलं? चाबूक आणि वाडा.

ओसरी
अजिबात पटलं नाही. खलनायक म्हणजे हलकं काम, हे आधी कुणी ठरवलं?

‘सामना’ घ्या. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेलेला सिनेमा. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील आवाज चढवत नाही. दारूत बुडालेला, कुठून तरी गावात आलेला मास्तर (डॉ. श्रीराम लागू) त्याला सापडतो, तर हा त्याला घरी आणतो, खाऊ-पिऊ घालतो, त्याची बडदास्त ठेवतो. मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं नाव काढू लागतो तेव्हासुद्धा हिंदुराव लगेच अंगावर धावून जात नाही. सहकारातली सत्ता अशीच चालते, उपकाराचं ओझं ठेवून. हे पुस्तकात वाचून येत नाही. निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून गावोगाव हिंडले होते, पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. साहेब लोक आपल्याशी कसे बोलतात हे खालून पाहिलेला माणूस आहे तो. म्हणून त्यांचा पाटील खोटा वाटत नाही.

माणदेशी
हिंदुरावाबद्दल वादच नाही. पण त्याच्यामागे विजय तेंडुलकरांची लेखणी आणि दिग्दर्शक जब्बार पटेल होते. असे सिनेमे किती आले त्यांच्या वाट्याला? ‘सामना’ आणि १९७९ चा ‘सिंहासन’ ही नावं घेतली की तुमचाही आवाज खाली येतो. ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस आठवा. सगळं बघणारा, सगळं ठाऊक असणारा पत्रकार, आणि शेवटी रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसू अंगावर येतं. ज्याला असं हसता येतं त्याच्याकडून आपण फक्त खाकरून घेतलं.

तिसरी घंटा
तुम्ही दोघेही त्यांच्यावर अन्याय झाला की नाही, एवढंच बोलताय. त्या सिनेमांतल्या बाईचं कुणी बोलणार आहे का? पाण्याला निघालेली, शेतात एकटी असलेली, तिच्या भीतीवर कितीदा तंबू भरले! आणि निळूभाऊ साधे पोटार्थी नट नव्हते. अंधश्रद्धा निर्मूलनात होते, डॉ. लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटले. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे, आणि म्हणूनच विचारते: यातल्या निम्म्या भूमिका तरी त्यांना नाकारता आल्या नसत्या का?

ओसरी
नाकारून घर कसं चालवायचं? मराठी सिनेमात चरित्रनटाला तेव्हा काय मिळत होतं, हे जुन्या कुठल्याही कलाकाराला विचारा. शिवाय त्यांनी त्या माणसाला कधी गोड केलं नाही. प्रेक्षकाला तो हवाहवासा वाटावा असा एक हावभाव दाखवा. आज आपण खलनायकाला चष्मा घालून स्लो मोशनमध्ये चालवतो आणि वर शिट्ट्या मारतो. निळूभाऊंच्या पाटलाला बायकांनी शिव्या दिल्या. माझ्या मते ती त्यांची नियत होती.

रंगपट
हिंदीतही तेच केलं बघा. ‘सारांश’मधला गजानन चित्रे, पुन्हा पुढारी, पुन्हा धाक. पण त्यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे: समोरच्याला धमकावताना शब्द कमी आणि मधली थांबण्याची जागा जास्त. लोकनाट्यात तयार झालेला नट आहे, प्रेक्षक श्वास कधी रोखतो हे त्याला कळतं.

तिसरी घंटा
ओसरी, शिव्यांचं म्हणालात म्हणून सांगते. लहानपणी जत्रेतल्या तंबूत आजीच्या मांडीवर बसून मी त्यांचा सिनेमा पाहिला. ते पडद्यावर आले की आजी कडाकडा बोटं मोडायची, “मुडदा बशिवला ह्याचा!” पुढे बऱ्याच वर्षांनी टीव्हीवर त्यांची मुलाखत लागली होती. साधा सदरा, हळू बोलणं, मध्येच लाजल्यासारखं हसणं. आजी तांदूळ निवडत होती. सूप तसंच मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बघत बसली आणि मला म्हणाली, “मानूस लई गुणाचा दिसतोय गं. मग त्याला तसलंच काम का देत्यात?”

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. माणदेशी, तुमचं म्हणणं तेच आहे. पण आजीने बोटं मोडली होती तीही खरीच होती.